भेगेवरची तारीख

भिंतीला भेग पडली तर चारचौघं ती बुजवतात, वरून रंग मारतात, आणि पाहुणे येणार असले तर तिथे कॅलेंडर टांगतात. आमच्या तळमजल्यावरचे काका भेगेवर तारीख टाकायचे. आधी खळ लावून कागदाची एक पट्टी भेगेवर आडवी चिकटवायची, मग तिच्यावर बारीक अक्षरात तारीख, वेळ आणि सही. भेग वाढली की पट्टी फाटते. मग तिच्या खाली नवी पट्टी, नवी तारीख. जिन्यात, पाण्याच्या टाकीवर, गॅलऱ्यांच्या खाली आणि माझ्या बेडरूममध्ये अगदी पलंगाच्या डोक्याशी अशा पट्ट्या होत्या. नव्याने कामाला आलेल्या बाईने मला विचारलं होतं, "भाभी, ये नज़र उतारने का है क्या?" मी हो म्हणाले. खरं सांगायला अर्धा तास लागला असता.

काका यंत्रं बनवणाऱ्या मोठ्या सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. अवधपुरी या आमच्या हिंदी मुलखातल्या वस्तीत कारखाना म्हटलं की कोणता ते विचारावं लागत नाही. अर्धी वस्ती तिथून निवृत्त झालेली, उरलेली त्या निवृत्तांची मुलं-सुना. माझे सासरे नागपूरहून येऊन तिथे लागले, काका वर्ध्याहून. निवृत्तीच्या वेळी दोघांनी एकाच बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतले. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. काका तळमजल्यावर एकटे, मुलगी नागपूरला दिलेली; आम्ही त्याच बाजूला सगळ्यात वर. सासरे गेल्यावर काकांनी आमच्या घराची जबाबदारी घेतली, म्हणजे आमच्या घरातल्या चुका काढायची जबाबदारी घेतली.

कारखान्यात म्हणे अशी पद्धत होती, की इन्स्पेक्टरला एखाद्या नगाबद्दल शंका आली तर तो त्याला लाल कार्ड बांधायचा. मग तो नग जागचा हलत नसे. वरचा साहेब येवो नाहीतर दिल्लीहून फोन येवो, ज्याने कार्ड बांधलं त्यानेच ते सोडायचं. तपासून समाधान झालं की हिरवं कार्ड, आणि त्यावर तपासणाऱ्याची सही. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. काकांनी त्याबरोबर लाल-हिरव्या कार्डांचे दोन गठ्ठे आणले आणि उरलेलं आयुष्य त्यांवर काढलं.

जिन्याचा कठडा मधल्या वळणावर थोडा हलायचा, त्याला लाल कार्ड. पाण्याच्या मोटारीला लाल कार्ड. एका दिवाळीत मी पाठवलेला फराळाचा डबा परत आला तो आत एकच चकली आणि तिला दोऱ्याने बांधलेलं लाल कार्ड: "आतून कच्ची. तेलाचे तापमान तपासावे." बाकीच्या चकल्या खाऊन झालेल्या. मी तशीच खाली गेले आणि म्हटलं, "काका, कच्च्या होत्या तर बाकीच्या कशा खाल्ल्या?"

"सूनबाई, प्रत्येक नग वेगळा तपासला," ते म्हणाले. "बाकीचे पास होते."

अशा माणसाशी भांडता येत नाही. आवाज चढवला तर समोरून आवाज चढायला हवा ना. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. गल्लीतला कुत्रा दारात बसला तर त्यालाही "आप ज़रा उधर बैठिए" म्हणायचे, आणि तो उठायचाही. त्यांना राग येई तो एकाच शब्दाचा. कुणी "चालतंय" म्हटलं की ते चष्मा काढून विचारायचे, "कुठवर?" मोटार चालतेय ना, काका? कुठवर? जिना चालतोय. कुठवर? माझ्या नवऱ्याने शेवटी त्यांच्यासमोर तो शब्द वापरायचं सोडलं आणि त्यांच्या मागे दुप्पट वापरायला लागला.

आमच्या बाजूला मोकळा प्लॉट होता. त्यात बोरीची दोन झाडं, थोडा कचरा आणि हिवाळ्यात सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या गॅलरीत येणारं ऊन. त्या उन्हात सासूबाई सांडगे घालायच्या, स्वतःचे गुडघे शेकायच्या आणि प्लॉटमध्ये कोण कचरा टाकतं यावर नजर ठेवायच्या. मग एक दिवस त्या प्लॉटला निळे पत्रे लागले आणि वर मोठा फलक चढला. बारा मजली टॉवर, दोन मजले जमिनीखाली गाड्यांना, वर पोहण्याचा तलाव. फलकावरच्या बाईच्या हातात कॉफीचा कप होता आणि तिच्या मागे जे हिरवंगार रान दाखवलं होतं तिथे प्रत्यक्षात आमची बिल्डिंग होती.

आमच्याकडे आनंदीआनंद झाला. पहिल्या मजल्यावरचे शर्माजी जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, "एरिया खुल गया, भाई साहब. अब हमारा भी रेट देखना." मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आमचा फ्लॅट विकून कुठेतरी तळमजल्यावर जागा घ्यावी हे माझ्या मनात तेव्हापासूनच होतं. सासूबाईंना जिना झेपेनासा झाला होता.

काकांनी तो फलक खालून वरपर्यंत वाचला, घरात गेले आणि खळ शिजवायला ठेवली. खड्ड्याला पहिलं फावडं लागायच्या आधी आमच्या बिल्डिंगमधली प्रत्येक जुनी रेघ त्यांनी पट्टीने बांधून काढली. माझ्या बेडरूममध्ये त्यांना केसाएवढी एक भेग सापडली. मला ती दिसतही नव्हती. तिथे ते पलंगावर वर्तमानपत्र पसरून त्यावर उभे राहिले आणि पातळ पोलादी पात्यांचा एक जुडगा काढून एकेक पातं भेगेत घालून तिची रुंदी बघायला लागले. मी चहाचा कप घेऊन दारात उभी.

"काका, खड्डा खाली आहे. तुम्ही वरच्या मजल्यावर काय शोधताय?"

"पाया खाली बसतो, सूनबाई. भेग वर उघडते. बिल्डिंगला काही झालं तर ते सगळ्यात आधी तुमच्या खोलीत दिसेल."

रोज रात्री ज्या भिंतीला डोकं करून झोपायचं तिच्याबद्दल हे ऐकून माणसाला काय वाटेल, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी सातला आमची बेल वाजायची. रविवार असो, ताप असो, आदल्या रात्रीच्या लग्नाचं जागरण असो. काका शर्ट खोचून, वही घेऊन दारात उभे. मी केस विंचरायच्या आत एक परका माणूस, म्हणजे परका नव्हे, पण माझ्या उशीजवळ भिंतीला नाक लावून उभा असायचा.

खोदाई सुरू झाली. धूळ तर इतकी, की पोह्यांवर शेव टाकली की धूळ टाकली ते खाल्ल्यावर कळायचं. टॉवरवाल्यांनी जमिनीतलं पाणी पंपाने उपसून रस्त्यावर सोडलं आणि महिनाभरात आमची बोअर आटली. टँकर यायला लागले. आणि पट्ट्या फाटायला लागल्या. आधी जिन्यातली, मग टाकीवरची, मग माझी. मला ती फाटलेली पट्टी पहिल्यांदा दिसली त्या रात्री मी उशी पायथ्याशी घेऊन झोपले. काका मात्र पहिल्या तारखेला तिच्याकडे बघून समाधानाने मान हलवून म्हणाले, "बघा, काम करतेय." आणि खाली नवी पट्टी लावून भेगेच्या टोकाला खिळ्याने एक लाल कार्ड अडकवलं. आता माझ्या बेडरूमचाही नग झाला होता.

मग ती लाल कार्डाची गंमत झाली, जी अजून अवधपुरीत लोक सांगतात. एका सकाळी काका पत्र्याच्या फटीतून आत गेले आणि खोदाईच्या त्या अजस्र पोकलेनच्या दांड्याला लाल कार्ड बांधून आले. कार्डावर लिहिलं होतं, "शेजारच्या इमारतीच्या पट्टी क्र. ७ चे निरीक्षण होईपर्यंत काम थांबवावे." कुणीही ते फाडून फेकलं असतं. पण ते यंत्र चालवणारा माणूस आमच्याच कारखान्यात उमेदवारी करून शिकलेला होता. त्याने कार्ड पाहिलं, चावी काढली आणि सावलीत जाऊन बसला. साइट इंजिनिअर, काल-परवा कॉलेजातून निघालेला, ओरडत आला.

"मशीन क्यों बंद है?"

"लाल कार्ड लगा है, साब."

"तो निकाल के फेंक!"

"मैं कैसे निकालूँ? जिसने लगाया है, वही निकालेगा."

त्या इंजिनिअरला वाटलं हा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. अर्धा दिवस काम बंद पडलं. शेवटी इंजिनिअर आमच्या तळमजल्यावर आला, काकांनी त्याला पाणी दिलं, वही दाखवली, जिना चढवून माझ्या बेडरूमपर्यंत आणला. त्याने भेग बघितली आणि म्हणाला, "अंकल, ये तो हेयरलाइन है. चलता है."

"कहाँ तक?" काकांनी विचारलं.

काकांनी पट्टीची नोंद करून कार्ड सोडलं; पुढे बिल्डरच्या लोकांनी खड्ड्याच्या आमच्या बाजूला काँक्रीटची भिंत घातली. ती वहीमुळे घातली असं काका म्हणायचे, नकाशात आधीपासूनच होती असं इंजिनिअर म्हणायचा. खरं कोण, मला माहीत नाही. पण त्यानंतर बिल्डरचा माणूस मिठाईचा डबा घेऊन आमच्याकडे आला. सगळी बिल्डिंग बाहेरून रंगवून देतो, कुंपणाची भिंत नवी बांधून देतो, फक्त बाराही मालकांनी एका कागदावर सही करायची, की शेजारच्या कामामुळे आमच्या इमारतीचं काहीही नुकसान झालेलं नाही. अकरा सह्या संध्याकाळपर्यंत झाल्या. त्यात माझ्या नवऱ्याच्या नावाखाली माझीही होती, कारण फ्लॅट दोघांच्या नावावर.

काकांनी कागद वाचला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सूनबाई, सही करण्याआधी भेग बघितली होती?"

"रोज बघते, काका. झोपताना तीच दिसते."

"मग सही कशाची केली?"

काकांनी सही केली नाही. बिल्डरचा माणूस मिठाई ठेवून गेला आणि रंग परत घेऊन गेला. शर्माजी महिनाभर काकांशी बोलले नाहीत. बाजूला काचांनी मढवलेला टॉवर चढत होता आणि त्याच्या पायाशी आमची बिल्डिंग पावसाच्या ओघळांसकट, आजारी माणसासारखी उभी होती. ऊन तर गेलंच. हिवाळ्यात सासूबाई गॅलरीत खुर्ची टाकून सवयीने बसायच्या आणि तासाभराने म्हणायच्या, "आज सूर्य काहून नाही आला, बाप्पा?" रोज म्हणायच्या. मी रोज कामाचं निमित्त करून आत जायचे.

त्याच हिवाळ्यात अशोका गार्डनला सासूबाईंच्या भावाच्या नातीचं लग्न होतं. त्यांना जायचंच होतं. माझा नवरा, शर्माजींचे दोन मुलगे आणि समोरचे एकजण अशा चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवायचं ठरवलं. काका अर्थातच पुढे. पायरी पायरी मागे सरकत ते सूचना देत होते, "डावी बाजू खाली आहे. समपातळीत ठेवा. थांबा. आता सोडा." मधल्या वळणावर खुर्ची कलंडली. सासूबाईंनी घाबरून कठडा पकडला, नेमका तोच, लाल कार्डवाला. तो त्यांच्या हातात हलला. त्यांनी तो सोडला आणि खाली पोचेपर्यंत डोळे मिटून घेतले. लग्नाला गेल्या, जेवल्या, तशाच चौघांनी वर आणल्या. वर आल्यावर पलंगावर टेकत त्या म्हणाल्या, "झालं माझं. आता मले खाली न्याल ते एकदाच न्याल."

काका दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. आणि ते खाली गेले. मला वाटलं कठड्याची वहीत नोंद करायला गेले असतील, आणि मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, की या माणसाला भेगा दिसतात आणि माणसं दिसत नाहीत, असं मी नवऱ्याला मोठ्याने म्हटलं. जिन्यात ऐकू गेलं असेल तर जावो.

दुसऱ्याच आठवड्यात मी फ्लॅट विकायला काढला. मी एम.पी. नगरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करते. तिथल्याच एका शिक्षकाने गिऱ्हाईक पाठवलं. नवरा-बायको, तरुण, तिला सातवा महिना. त्यांना टॉवर परवडत नव्हता पण टॉवरशेजारी राहायला आवडणार होतं. अवधपुरीतच मागच्या गल्लीत एक तळमजल्याची जागा मी बघून ठेवली होती. दारासमोर तुळस लावायला जागा, दोन पायऱ्या फक्त. सासूबाईंना मी तसं सांगूनही टाकलं. त्यांनी त्या रात्री पोटभर खाल्लं.

गिऱ्हाईक रविवारी यायचं होतं. शनिवारी नवरा बाहेर गेल्यावर मी बादलीत पाणी घेतलं, भेगेवरच्या पट्ट्या भिजवून खरवडल्या, लाल कार्ड काढून कपाटात टाकलं, भेगेत पुट्टी भरली आणि उरलेल्या डब्यातला रंग मारला. छान झालं. माझं मलाच कौतुक वाटलं. फक्त मी एक विसरले, की रविवार पहिली तारीख होती.

सकाळी सातला बेल वाजली.

काका आत आले. भिंतीसमोर उभे राहिले. रंग अजून थोडा ओला होता. त्यांनी बोट लावून बघितलं, बोटाला लागलेला रंग रुमालाने पुसला. मी भांडायच्या तयारीत होते. सगळी वाक्यं तोंडपाठ होती: घर माझं, भिंत माझी, सासू माझी. ते म्हणाले, "लाल कार्ड कुठे आहे?"

मी कपाटातून काढून दिलं. कार्ड बांधणाऱ्याशिवाय कुणी सोडत नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. ते त्यांनी खिशात ठेवलं, वहीतून एक हिरवं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. सहीची जागा कोरी होती.

"काका, तुम्ही त्यांना काही सांगणार नाही ना?"

"मी कशाला सांगू? घर तुमचं आहे. पास करायचं तर करा," ते म्हणाले. "सही मात्र तुमची. माझी नाही."

आणि गेले. अकराला ती दोघं आली. मुलगी पोटावर हात ठेवून सावकाश सगळीकडे फिरली. स्वयंपाकघर तिला आवडलं. बेडरूममध्ये येऊन तिने पाळणा कुठे ठेवता येईल ते नवऱ्याला दाखवलं. पलंगाच्या डोक्याशी, तिथेच. मग मला विचारलं, "दीदी, दीवारों में कोई दिक्कत तो नहीं है?" सहज विचारलं, जसं नळाला पाणी येतं का विचारतात.

ते हिरवं कार्ड टेबलावर तसंच पडलेलं होतं. मी ते उचलून ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, "यहाँ एक दरार है. कल भरवाई है. बगल की खुदाई से आई थी." माझा नवरा माझ्याकडे बघतच राहिला. ती दोघं चहा पिऊन गेली, परत फोन करतो म्हणाली. फोन आला नाही. मागच्या गल्लीतली जागा दुसऱ्याने घेतली.

मी काकांशी बोलणं बंद केलं. ते जिन्यात दिसले तर मी वर बघून निघून जायचे. त्यांनी काहीच केलं नव्हतं, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच राग जात नव्हता. पुढच्या पहिल्या तारखेला बेल वाजली तेव्हा मी दार उघडून सरळ स्वयंपाकघरात गेले. त्यांनी माझा रंग खरवडला, पुट्टी काढली, नवी पट्टी लावली, लाल कार्ड पुन्हा अडकवलं. सासूबाई बाहेरच्या खोलीत पलंगावर होत्या. काका जाताना त्यांच्याजवळ थांबलेले मला ऐकू आले. दोघं काय बोलले ते कळलं नाही.

संध्याकाळी ते पुन्हा आले. वही नव्हती, एक फाइल होती. बसले. "सूनबाई, कामाचं बोलायचं आहे," म्हणाले. "तुमच्या खोलीतली भेग ही या इमारतीतली मुख्य भेग आहे. महिन्यातून एकदा बघून भागणार नाही. रोज बघायला हवी. रोज सकाळी मी तुमच्याकडे येणं बरं दिसत नाही."

"नाहीच दिसत," मी म्हटलं.

"म्हणून आपण घरं बदलू. मी वर येतो, तुम्ही खाली जा."

मला आधी कळलंच नाही. माझा नवरा म्हणाला, "काका, भाड्याने?" ते म्हणाले, नाही, कायमचं, रजिस्ट्री करून. नकाशा सारखाच, चटईक्षेत्र सारखं. माझ्या नवऱ्याने सांगितलं, की तळमजल्याला भाव जास्त आहे, फरक आम्ही हप्त्याने देऊ. तर काकांनी फाइल उघडली. त्यांच्या घराला त्यांनी स्वतःच लाल कार्ड बांधलं होतं आणि सोबत दोषांची यादी जोडली होती. न्हाणीघरात ओल. मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात फुगतं. टँकरचा आवाज. सतराव्या क्रमांकावर लिहिलं होतं: "ऊन नाही. उपाय नाही." खाली सही.

"दोष जास्त आहेत," ते म्हणाले. "बरोबरी झाली."

"काका, तुमचं वय काय, आणि तुम्ही जिना..." मी बोलायला लागले.

"जिना मी तपासलेला आहे," ते म्हणाले.

पलंगावरून सासूबाईंचा आवाज आला, "तुळस माझी मी लावीन." म्हणजे सकाळी दोघांचं हेच ठरलं होतं, आणि दोघांनी मला दिवसभर त्या रागात शिजू दिलं.

रजिस्ट्रीच्या कचेरीत बाबूने कागद दोनदा वाचले. "अंकल, आप नीचे से ऊपर जा रहे हैं? इस उम्र में तो लोग उल्टा करते हैं."

"हमारा इंस्पेक्शन ऊपर है," काका म्हणाले. मला हसू आलं आणि रडूही, आणि त्या बाबूसमोर दोन्ही नको म्हणून मी बाहेर जाऊन उभी राहिले. आभार मानायला गेले तर त्यांनी मला न्हाणीघरातल्या ओलीबद्दल दहा मिनिटं ऐकवलं. घर ताब्यात घेतल्याची सही त्यांनी माझ्याकडून घेतलीच, प्रत्येक दोष दाखवून, सतराच्या सतरा.

त्यानंतर ते वर राहिले आणि आम्ही खाली. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या, भाजीवाल्याशी भांडायच्या, टॉवरमध्ये राहायला आलेल्या बायकांना हाका मारून कुठल्या गावच्या विचारायच्या. ऊन नव्हतं, पण त्यांनी सूर्याचं नाव काढलं नाही. काका सकाळ-संध्याकाळ चढायचे, उतरायचे. आधी एका दमात, मग मधल्या वळणावर थांबून. थांबण्याचं कारण कठडा तपासणं. पुढे ते तपासणं लांबत गेलं. मग दूध, भाजी, औषधं मीच वर न्यायला लागले, आणि प्रत्येक वेळी ते दुधाची पिशवी उजेडात धरून बघायचे.

नागपूरहून त्यांची मुलगी न्यायला आली तेव्हा काकांचे पाय पार गेलेले होते. तीच प्लास्टिकची खुर्ची, तेच चौघं. यावेळी पुढे कुणी नव्हतं, म्हणून खुर्चीत बसूनच ते सांगत होते, "डावी बाजू खाली आहे. समपातळीत ठेवा." मधल्या वळणावर त्यांनी हात लांब करून कठडा हलवून बघितला. कार्डाचा रंग उडून ते गुलाबी झालं होतं. "अजून ढिला आहे," ते म्हणाले, आणि चौघांनी त्यांना अधांतरी धरलेलं असताना सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं विचारलं, "चालतंय ना? कुठवर?" दुसऱ्या दिवशी शर्माजींनी वेल्डर आणला.

खाली दारात सासूबाई बसल्या होत्या. "भाऊ, या जी परत," त्या म्हणाल्या.

"यावं लागेल. वर माझं कार्ड आहे," काका म्हणाले, आणि वही आणि वरची किल्ली माझ्या हातात दिली.

दर पहिल्या तारखेला सकाळी सातला नागपूरहून फोन यायचा. बघितली? बघितली. फाटली? नाही. चष्मा लावून बघितली? मी वैतागून हो म्हणायचे, आणि कधीकधी ते खोटं असायचं, म्हणून फोन ठेवून मी पुन्हा वर जायचे.

आता तो फोन येत नाही. त्यांच्या मुलीने सांगितलं, घर विकून टाका, चांगला भाव येईल, तुम्ही म्हणाल तसं. मी म्हटलं, बघू. गिऱ्हाइकं येतात, मी त्यांना भेग दाखवते, ती जातात. शर्माजी हल्ली माझ्याशी महिना महिना बोलत नाहीत.

कार्ड अजून तिथेच आहे. बांधणाराच ते सोडतो. शेवटची पट्टी लावल्यापासून फाटलेली नाही. तरी पहिल्या तारखेला सकाळी सातला मी वही घेऊन निघते. मधल्या वळणावर आताशा मलाही थांबावं लागतं. कठडा पक्का आहे, त्यामुळे थांबायला कारण उरलेलं नाही. मी काकांना चार शब्द ऐकवते, उरलेल्या पायऱ्या चढते, चष्मा लावून पट्टी बघते आणि वहीत त्यांच्या नोंदींखाली तारीख घालून माझी सही करते.